दीडशेची रेघ

माझ्या काचेच्या नळीवर शून्यापासून तीनशेपर्यंत, दोन-दोनच्या अंतराने, एकशे एक्कावन्न रेघा आहेत. पेटीत एक कापडी पट्टा, एक रबरी फुगा, दोन रबरी नळ्या आणि थोडासा पारा. मित्रांनो, मी रक्तदाब मोजणारे एक जुने यंत्र आहे.

शहागंजातल्या दुकानातून मी पुंडलिकनगरच्या दवाखान्यात आले. डॉक्टर दमयंतीबाई मला रोज पुसून ठेवत. पुढे बटणाचे यंत्र आले आणि मी कपाटात गेले. तरी त्याच्या आकड्याची शंका आली की बाई मलाच बाहेर काढत. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

एका दुष्काळात शेंद्रा गावच्या भागूबाई शहरात मुलाकडे राहायला आल्या होत्या. मोतीबिंदूमुळे त्यांना नातीचा चेहराही धूसर दिसे. ऑपरेशन दोनदा पुढे गेले होते. रक्तदाबाचा वरचा आकडा दीडशेच्या खाली येणे भाग होते. मी दाखवला एकशे बासष्ट, खालचा अठ्ठ्याण्णव.

"मावशी, गोळी चालूच ठेवा आणि रोज अर्धा तास चाला."

"चाललं की घाम येतो, डॉक्टरबाई. घाम आला की अंघोळ आली. नळाला पाणी आठ दिसाला!"

"मग ऊन चढायच्या आत चाला. सावकाश."

"शेतात सारा जलम चालण्यात गेला. इथं खुर्चीत बसले, तर हे झालं व्हय?"

भागूबाई रोज सकाळी नव्या इमारतींच्या कडेने चालू लागल्या. महिन्याने त्या तशाच चालत आल्या, जिना चढल्या आणि थेट माझ्यासमोर बसल्या. पारा एकशे बहात्तरवर!

"घ्या! चालून उलटं वाढलं. उद्यापासून नाय चालायची मी."

"दमून आलात, म्हणून वाढलं. पाच मिनिटं टेकून बसा. बोलायचं नाही."

"त्यापरीस एक गोळी वाढवा!"

तरी त्या गप्प बसल्या. पारा एकशे छप्पनवर आला.

मित्रांनो, चालताना हृदय जोराने काम करते, तेव्हा दाब चढणारच. रोज चालल्याने मात्र रक्तवाहिन्या सैलावतात, एरवी हृदयाला कमी जोर लावावा लागतो आणि मलाही कमी चढावे लागते. म्हणून चालणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते. माझ्याकडे येताना आधी थोडे शांत बसा, एवढीच विनंती.

आणखी दोन महिन्यांनी भागूबाई आल्या. कोणी न सांगता भिंतीला टेकून बसल्या, चकार शब्द न बोलता. बाईंनी पट्टा बांधला, फुगा दाबला, हळूहळू हवा सोडली.

एकशे चव्वेचाळीस, शहाऐंशी.