पैलवानाचा डोळा

बाबा पावाच्या कडा काढून मधला मऊ भाग पाण्यात भिजवत होते. पुढ्यात त्यांचा ससा, पैलवान.

“अगं, याचा डावा डोळा बघ. जरा पुढे आलाय.”

“तुम्हीच आता चष्मा बदला.”

“जन्मभर लोकांना चष्मे दिलेत मी. मला शिकवतेय!” कवळी सावरत ते हसले. मग सफरचंद सोलून पातळ फोडी केल्या. अर्ध्या सशाला, अर्ध्या माझ्यापुढे. मी चाळिशी ओलांडलेली.

“मला दात आहेत हो, बाबा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

घर माणसांनी भरलं, मग रिकामं झालं. तेव्हा कुठे मी पैलवानाकडे नीट पाहिलं. डावा डोळा आतून कुणी ढकलल्यासारखा बाहेर आला होता. पापणी मिटत नव्हती.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पापण्यांवरून दोन्ही डोळे हलकेच दाबले. उजवा आत गेला, डावा हलेना.

“दोन्ही आले असते, तर छातीत गाठ आहे का ते आधी बघितलं असतं. एकच आलाय, म्हणजे त्याच्यामागे काहीतरी आहे. खायला काय देता?”

“भिजवलेला पाव. सोललेली फळं. बाबांना कवळी होती. यालाही चावायला त्रास होत असेल, असं त्यांना वाटायचं.”

त्यांनी पैलवानाच्या डोक्याचा एक्स-रे काढला. तो बघून म्हणाल्या, “सशाचे दात मरेपर्यंत वाढतात. गवत चावून झिजले नाहीत, की मुळं डोळ्याकडे सरकतात. तिथं पू झालाय. डोळा काढावा लागेल. भुलीतून उठेलच असं नाही. आणि उठून खाल्लं नाही, तर हातचा गेला म्हणून समजा.”

उठला.

घरी आल्यावर टाके घातलेली बाजू भिंतीकडे करून बसला. मी वाळलेलं गवत ठेवलं. त्यानं हुंगलं, तोंड फिरवलं आणि बाबांच्या खुर्चीशी जाऊन थांबला. पाव डब्यातच होता. माझा हात झाकणापर्यंत गेला, मागे आला. अंधार पडायच्या आत खाल्लं नाही, तर परत आणा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, फिकं झालं. मी त्याला न्यायची पिशवी काढून ठेवली.

तेवढ्यात कुरुमकुरुम ऐकू आलं. एक काडी त्याच्या ओठांतून हळूहळू आत सरकत होती. मग दुसरी.

“बाबा, चावतोय हो तो,” मी खुर्चीकडे बघून म्हणाले. “आणि ते सफरचंद सोलून द्यायचात ना… मला आवडायचं.”