टाकी भरल्यावर

चालू होतंय ना, मग झालं, हे विश्वजितचं ठरलेलं पालुपद. चिकलठाण्याच्या त्याच्या छोट्या कंपनीत पाण्याच्या पंपांचे कंट्रोलर बनत आणि त्यांचे प्रोग्राम अश्लेषा लिही. प्रोग्रामला लागणारी फंक्शन्स, म्हणजे एकेका कामाचे तयार तुकडे, कंट्रोलरच्या बॉक्समध्येच एका लायब्ररीत साठवलेली असत. पण ती खरोखर तिथं आहेत का, हे प्रोग्राम सुरू होताना कुणी बघत नसे. एखादं पहिल्यांदा लागलं की तेव्हाच शोधायचं. पंगत बसल्यावर आचारी शोधायला निघण्यासारखा हा कारभार. सगळी सुरुवातीलाच शोधू या, म्हणून अश्लेषा कानीकपाळी ओरडली. पण मग जुन्या लायब्ररीचे बॉक्स सुरूच होणार नाहीत आणि गिऱ्हाइकं बोंब मारतील, म्हणून विश्वजितनं तिला उडवून लावलं.

गारखेड्याच्या सोसायटीत असलाच एक जुना बॉक्स होता. नवा प्रोग्राम टाकल्यावर टाकी काठोकाठ भरून बघायला हवी होती, पण दुष्काळात चाचणीसाठी पाणी मागायची अश्लेषालाच लाज वाटली. पुढं दोन वर्षं पाऊस असा नव्हताच, टाकी अर्ध्याच्या वर गेलीच नाही. खालचा हौद आटायचा आणि पंप थांबायचा. टाकी भरली म्हणून पंप बंद करायची वेळच आली नाही.

मग सोसायटीतल्या लक्ष्मीबाईंच्या नातीचं, प्रेरणाचं लग्न निघालं. वऱ्हाडासाठी टँकर आले, हौद तुडुंब भरला. पंप लावून सगळे हळदीला बसले. वर टाकी भरली, प्रोग्राम पंप बंद करायचं फंक्शन शोधायला गेला आणि जुन्या लायब्ररीत ते नव्हतंच. प्रोग्राम जागीच मेला, पंप चालू राहिला. डीजेच्या दणदणाटात वाहतं पाणी कुणाला ऐकू जाणार?

अश्लेषा पोचली तेव्हा हौद कोरडा आणि रस्ता चिखलानं माखलेला. तिनं विश्वजितला फोन लावला, तर सुरू तर झाला होता ना, हेच त्याचं म्हणणं. तिचं डोकं असं फिरलं की तिनं फोनच बंद करून टाकला.

"भरल्यावर थांबायचं, येवढं बी त्याला ठाव नव्हतं व्हय?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"टाकी कधी भरेल असं आम्हालाच वाटलं नाही, आजी."

हळदीनं माखलेली प्रेरणा अंघोळीला निघाली होती, तिला लक्ष्मीबाईंनी हाताला धरून थांबवलं.

"फडक्यानं पुसून घे, पोरी. टाकीतलं पाणी उद्या वऱ्हाडाला लागंल."