सुलतानाचे चोर

न्हाव्याने नवऱ्या मुलाचा डावा गाल गुळगुळीत केला, वस्तरा पुसला आणि तो उजव्या गालाकडे वळणार तोच दोन माणसांनी लस्सादला दंडांना धरून खुर्चीतून उठवलं. हनुवटीवरचा फेस त्याच्या पांढऱ्या लोकरी झग्यावर ओघळला. अंगणातले सगळे वळून पाहू लागले. मग ढोलवाल्याने ठेका दुप्पट केला, बायकांनी जिभा हलवून आनंदाची ललकारी दिली आणि गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, "सुलतान चोरला रे!"

बीर सुलेम गावात यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. लग्नाचे सात दिवस नवरा मुलगा सुलतान असतो आणि त्याचे मित्र त्याचे वजीर. सुलतानाने इकडची काडी तिकडे करायची नाही, आणि आसपासच्या गावांतल्या तरण्या पोरांनी त्याला पळवायला टपून बसायचं, हा रिवाज. पळवलेला सुलतान एक मेंढा आणि साखरेच्या ढेपा दिल्याशिवाय परत मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे, ज्याच्या हातून सुलतान गेला त्या वजिराला गाव मरेपर्यंत सोडत नाही. थोरला वजीर फरजानी हा लस्सादचा मावसभाऊ, पाण्याचे पंप दुरुस्त करणारा. त्याचे वडील असेच एका लग्नात जेवणानंतर पेंगले होते, आणि आज सत्तरी उलटली तरी चहाच्या दुकानात "या, झोपाळू वजीर" असंच त्यांचं स्वागत होई. तेव्हा घराण्याची अब्रू राखायची म्हणून फरजानी आठवडाभर डोळ्यांत तेल घालून बसला होता.

पण हे चोर त्याला नेहमीचे वाटले नाहीत. खेळातले चोर सुलतानाला खांद्यावर घेतात, खिदळतात, पळताना चपला हरवतात. यांनी लस्सादचा हात पाठीमागे पिरगाळला होता. एक जण चाळिशीचा, राखाडी जाकीट घातलेला. दुसरा अगदी कोवळा, नव्याकोऱ्या पांढऱ्या बुटांचा. गल्लीच्या तोंडाशी नंबरप्लेट नसलेली पांढरी गाडी उभी होती, आणि तशी गाडी फरजानीने याआधी फोनवर पाहिली होती.

ती लस्सादनेच टिपली होती. लस्साद वायरमन. वसंतात जिल्ह्याच्या गावी एका दुकानात दिवे बसवत असताना समोरच्या बसस्थानकावर दोन माणसांनी एका कॉलेजच्या पोराला असल्याच गाडीत कोंबलं, आणि शिडीवरच्या लस्सादने ते सगळं फोनमध्ये धरलं. पोराचा बाप पुढे कितीतरी दिवस या ठाण्यातून त्या ठाण्यात फिरत राहिला. जिथे जाईल तिथे "आमच्याकडे नाही" एवढंच ऐकायला मिळे. व्हिडिओ देशभर फिरला. रेडिओवर वाद झडले, बीर सुलेमच्या चहाच्या दुकानातही झडले. निवृत्त पोस्टमास्तर हामेदकाकांचं म्हणणं असं, की गणवेश घालून कोणी तस्कर पकडलाय का कधी? तो लांबूनच बघेल आणि वाळवंटात पसार होईल. फरजानी म्हणे, मग आपल्याला नेणारा पोलीस आहे की दरोडेखोर, हे नेला जाणाऱ्याने ओळखायचं कसं? काका म्हणत, सरळ माणसाला घाबरायचं कारणच काय. शेवटी वरून आदेश निघाल्याचं रेडिओने सांगितलं: साध्या वेशातल्या पोलिसांनी ओळखपत्र दाखवावं, दंडावर पट्टी बांधावी, माणसाला कुठे नेतो ते घरच्यांना सांगावं. कागदावर सगळं झकास होतं.

हे साध्या वेशातले पोलीस आहेत, हे लस्सादनेही ओळखलं होतं. अर्ध्या दाढीतला त्याचा चेहरा फेसासारखा पांढरा पडला. फरजानीने अंगणाकडे पाहिलं. म्हाताऱ्या होत्या, कडेवरची पोरं होती, पलीकडे रश्श्याच्या कढया चढलेल्या. 'पोलीस' हा शब्द एकदा तोंडातून गेला की दगड उचलले जाणार, मग त्या जाकिटाखालून पिस्तूल निघणार. गप्प बसावं तर लस्साद गाडीत जाणार आणि कुठे गेला ते कोणी सांगणार नाही. उंटावरच्या पडद्याच्या डोलीत बसून नवरी नेजिया घरून निघालीसुद्धा असेल. ती येऊन उतरायची कोणाच्या दारात? मग हातात होतं तेवढंच फरजानीने केलं. वजिराची काठी दारात आडवी धरली.

"वजिराला ओलांडून सुलतान नेता येत नाही, भाऊ," तो मोठ्याने म्हणाला. "चोर सापडले! दरबार भरवा!"

लोकांना तेवढंच हवं होतं. चोर सुलतानासकट सापडले असा दरबार गावात कित्येक वर्षांत भरला नव्हता. भराभर चटया पसरल्या गेल्या. सगळ्यांत वडीलधारे म्हणून हामेदकाका काझी झाले. त्यांना गाद्यांच्या चळतीवर चढवताना एकाने ढकललं आणि दोघांनी ओढलं. गच्च्यांवरून फोन बाहेर निघाले. पांढऱ्या बुटांच्या पोराचा हात कमरेकडे गेला, पण जाकीटवाल्याने त्याच्या मनगटावर आपला पंजा ठेवला आणि तो तिथेच ठेवून घेतला. त्याने आधी फोनांकडे पाहिलं, मग गाडीकडे. गाडीतल्या ड्रायव्हरला बायकांनी एव्हाना कुसकुसचं ताट दिलं होतं आणि तो काच खाली करून जेवायला लागला होता. जाकीटवाल्याने लस्सादचा दंड सोडला आणि चपला काढून तो सुलतानाच्या डाव्या हाताला मांडी घालून बसला. चोराने डावीकडे बसायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. फरजानीच्या ते लक्षात आलं. न्हाव्याला दरबाराशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने लस्सादला खुर्चीत बसवून उजवा गाल करायला घेतला.

हामेदकाकांनी घसा खाकरला. काझीपण त्यांना चांगलंच मानवलं होतं.

"तुम्ही कोण?"

"पाहुणे," पांढऱ्या बुटांचा पोरगा गुरगुरला.

काका म्हणाले, पाहुणे सलाम करतात, जेवतात आणि यजमानाला दुवा देऊन जातात; यजमानालाच उचलून नेणारे पाहुणे त्यांनी टपालखात्याच्या उभ्या नोकरीत पाहिले नाहीत. अंगण हसलं. मग त्यांनी कायदा सांगितला. चोराने आपलं नाव सांगायचं, आईचं नाव सांगायचं, गाव सांगायचं. जो सांगेल त्याला दंड होईल आणि तो पाहुणा होईल. जो सांगणार नाही त्याच्या तोंडाला काजळी, कारण ज्याला नाव नाही त्याला चेहरा कशाला हवा? पोरगा जमिनीकडे बघत राहिला. वजिरांपैकी एकाने कढईच्या बुडाला बोटं घासली आणि त्याच्या दोन्ही गालांवर ओढली. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. पोरगा तडकून उठायला गेला, तेव्हा त्याचा शर्ट वर सरकला आणि पट्ट्याला लावलेल्या बेड्या उन्हात चमकल्या.

हामेदकाकांनी त्या पाहिल्या. त्यांनी चष्मा काढला, झग्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मग फरजानीकडे पाहिलं. फरजानीने मान हलवली नाही, पण नजरही काढली नाही. लोकांना वाटलं, काझी पुढचा विनोद जुळवताहेत. फरजानीला मात्र भीती वाटली, की आता काका गादीवरून उतरतील आणि सरकारी माणसांची माफी मागून वाट मोकळी करून देतील.

काका उतरले नाहीत. ते पुढे वाकले आणि राखाडी जाकीटवाल्याला त्यांनी विचारलं, पण आवाजातला नाटकीपणा गेला होता.

"तुम्हाला कोणी पाठवलं, बाबा? आमच्या मुलाला कुठे नेणार होतात?"

तेवढ्यात लस्सादची आई जोहरा हात पुसत पुढे आली. सकाळपासून स्वयंपाकात अडकल्यामुळे तिला दरबाराचा अर्धाच भाग कळला होता आणि जे कळलं होतं त्याने ती खूश होती. पण एक गोष्ट तिला खटकली होती. खेळात सुलतान पळवला तरी चोराने ठिकाण सांगायचंच असतं, नाहीतर आईने जेवण पाठवायचं कुठे? तिच्या लग्नातही तसंच झालं होतं, तिच्या भावांच्याही. ती जाकीटवाल्यासमोर उकिडवी बसली.

"सांग ना रे," ती म्हणाली. "डबा कुठे पाठवला असता मी?"

तिच्या तोंडावर हसू होतं. त्या माणसाने तिच्याकडे पाहिलं आणि मग पाहता येईना म्हणून आपल्या हातांकडे. न्हाव्याचा वस्तराही थांबला होता.

"तिजानी," तो म्हणाला. "माझं नाव तिजानी. वादी रेमेल गावचा. मन्सूराचा मुलगा."

"कुठली मन्सूरा?" म्हाताऱ्यांच्या घोळक्यातून आवाज आला. "भाकऱ्या विकायची ती? एका डोळ्यात फूल पडलेली?"

"तीच."

"अगंबाई! अरे, तुझ्या सुंतेला मी नाचले होते की! केवढं भोकाड पसरलं होतंस, आठवतंय का? अख्खी वादी जागी केलीस."

यावर जो हशा उठला त्याने कबुतरं उडाली. पाठोपाठ बायकांच्या ललकाऱ्या, आणि ढोल, आणि सनई. तिजानीचे कान लाल झाले. आधी त्याने खाली मान घातली, मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि फरजानीला वाटलं रडतोय की काय. तो हसत होता. हसू आवरेना म्हणून त्याने तोंडावर हात धरला. फरजानीच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि त्याला त्या अनोळखी माणसाला मिठी मारावीशी वाटली. आता हा माणूस कोण, कोणाचा, कुठल्या वाडीचा, लहानपणी कसा रडला, हे साऱ्या अंगणाला माहीत झालं होतं. ज्याच्याबद्दल सगळ्यांना एवढं माहीत आहे त्याने कोणाचा हात पिरगाळणं अवघडच.

काझींनी निकाल दिला. चोर तिजानीने चोरी कबूल केली आहे. त्याने नवरीच्या उंटाची दोरी धरून तिला वळणापासून दारापर्यंत आणायची, आणि तो कोण आहे ते लांबूनही दिसावं म्हणून त्याच्या दंडावर लाल फडकं बांधायचं. हे फडकं काकांनी स्वतः उतरून बांधलं. गाठ मारताना ते हळूच म्हणाले, हे असं दिसलं की माणसाला बरं वाटतं. चहाच्या दुकानातल्या वादात काकांनी याच्या नेमकं उलट सांगितलं होतं, पण फरजानीला त्यांना चिडवावंसं वाटलं नाही.

नेजिया आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लाल-पिवळ्या पडद्यांची डोली उंटाच्या पाठीवर डुलत होती आणि पुढे दंडावर फडकं बांधलेला तिजानी दोरी धरून चालत होता, उंटाला चुचकारत, वाटेतल्या पोरांना बाजूला सारत. त्याला ते काम येत होतं. दारात लस्साद उभा होता, दोन्ही गाल तुळतुळीत, करंगळीला मेंदी. उंट खाली बसला, डोलीचा पडदा हलला, आणि लस्साद सुलतानाचा सगळा आब विसरून धावला. वजिरांना त्याला मागे खेचावं लागलं. त्याची आई हसता हसता रडत होती, आणि ती का रडतेय हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

जेवणं झाल्यावर फरजानी पाहुण्यांना पोचवायला गाडीपर्यंत गेला. ड्रायव्हर रिकामं ताट मांडीवर ठेवून घोरत होता. तिजानीने त्याला हलवलं. मग गाडीच्या टपावर कोपर टेकून तो थोडा वेळ गावाकडे बघत राहिला.

"साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, आधी आणा, कागद मागाहून करू," तो म्हणाला. "कागदाशिवाय मी आता नेत नाही. तसं आज त्यांना सांगणार. सोमवारी सकाळी त्याला घेऊन ये. वकील घेऊन ये. जिल्ह्याच्या ठाण्यात, पुढच्या दाराने."

"साहेब तुम्हाला काय म्हणतील?"

"म्हणतील काहीतरी." तिजानीने खांदे उडवले.

फरजानीला विश्वास ठेवावासा वाटत होता आणि ठेववत नव्हता. ठाण्याच्या दारात जाऊन "आमच्याकडे नाही" ऐकलेला तो बाप त्याला आठवत होता.

"तिथे कोणाला विचारू?"

"मला. नुसतं मन्सूराचा मुलगा म्हणालास तरी चालेल." तो गाडीत बसला आणि त्याने दार ओढून घेतलं.

इंजिन सुरू झालं. गाडी हलली, थोडी पुढे जाऊन थांबली. मागची काच खाली आली. काजळी माखलेला तो पोरगा बाहेर डोकावला. त्याने फरजानीकडे बघितलं नाही. बघत होता तो खाली, गाडीच्या चाकाकडे.

"माझं नाव शाकिर," तो म्हणाला. "तो नसला ठाण्यात, तर शाकिरला विचार."