आखडणाऱ्या नळ्या आणि मी

मित्रांनो, शेवटी माझी बदली झाली आणि प्रयोगशाळेने सुटकेचा निःश्वास टाकला. आता हे वाक्य विसरून जा. असं अजून काहीही झालेलं नाही. मी अजून त्याच भिंतीवर आहे, खाली गळणाऱ्या पाण्यासाठी तीच बादली आहे आणि गोष्ट आत्ता कुठे सुरू होते आहे.

मी एक जुना एसी आहे. माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे माझी हजारो भावंडं होती आणि सगळी हुबेहूब माझ्यासारखीच दिसत, त्यामुळे कौतुक कोणाच्याच वाट्याला आलं नाही. पहिली नोकरी मला चपलांच्या दुकानात लागली. तिथे मी इमानेइतबारे लोकांचे पाय गार केले. पुढे दुकान बसलं आणि मी या प्रयोगशाळेत आलो. पहिल्याच दिवशी इथली माणसं माझ्यासमोर हात वर करून उभी राहिली. मला वाटलं, शरण आली. नंतर कळलं, घाम वाळवत होती.

माझ्या बरोब्बर खाली एक सूक्ष्मदर्शक होता आणि त्याला डोळे लावून बसलेली एक संशोधिका. तिला सगळे ताई म्हणत. ताई पेशींच्या पोटातल्या नळ्यांवर काम करायची. हा विषय मला फार सोपा करून सांगितला गेला आहे. म्हणजे मला नाही, ताईच्या आईला, फोनवर. मी ऐकत होतो.

"आई, एका पेशीच्या दोन पेशी होतात ना, तेव्हा दोन भाऊ वेगळे निघाल्यासारखं असतं बघ. घरातलं सगळं दोघांना सारखं मिळालं पाहिजे. ते सामान म्हणजे गुणसूत्रं. ती ओढून न्यायला दोन्ही बाजूंनी बारीक बारीक नळ्या वाढत येतात. सामान हाताला लागलं तर धरतात. नाही लागलं तर आखडतात आणि पुन्हा वाढतात."

"आणि कधी वाढायचं, कधी आखडायचं, हे ठरवतं कोण?"

"प्रथिनं. काही नळीला वाढवतात, काही आवरतात, काही सरळ मोडतात."

"म्हणजे आपल्या घरासारखंच की," आई म्हणाली. "तुझी मोठी काकू तिसऱ्या प्रकारातली."

ताईकडे असंच एक प्रथिन होतं. ते तिन्हीपैकी नक्की काय करतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ते शोधून काढण्यात तिची उमेदीची वर्षं चालली होती. सकाळी ती काचेवर नुसत्या नळ्या वाढवून बघायची. तोवर प्रथिनाची गोठलेली कुपी बर्फात सावकाश वितळत असे. त्यामुळे प्रथिनाची पाळी रोज जेवणानंतर. आणि जेवणानंतरच तिचे सर जिने चढून घामाघूम होऊन यायचे.

"अगं, ही खोली आहे की भट्टी? लाव तो एसी!"

मी लागायचो. अगदी मनापासून लागायचो. माझा झोत थेट काचेवर पडायचा आणि पडद्यावरच्या नळ्या भराभर आखडायच्या.

"बघा सर, प्रथिन घातलं की मोडतात!"

"वा! काय ताकद आहे गं याची!"

शेजारच्या टेबलावर यीस्ट वाढवणारा एक सहकारी बसे. त्याला सगळे पाववाला म्हणत. तो मान वर न करता म्हणायचा, "प्रथिनबिथिन काही नाही. सर आले की मीसुद्धा आखडतो."

सगळे हसायचे. सरही हसायचे.

या नळ्यांना थंडी सोसत नाही, हे ताईला चांगलं माहीत होतं. म्हणून तर काचेखाली गरम पट्टी होती आणि पट्टीवरचा आकडा नेहमी बरोबर असायचा. पण पट्टी खालून आणि मी वरून. माझा आकडा कोणी घेतलाच नाही. मला यातलं काही कळत नव्हतं. नळ्या आखडल्या की माणसं खूश होत, आणि माणसं खूश असली की मला बरं वाटतं. चपलांच्या दुकानातली सवय.

होता होता सरांनी एका मोठ्या परिषदेत जाहीर करायचं ठरवलं, की नळ्या मोडणारं नवं प्रथिन सापडलं आहे. ही गोष्ट खोटी निघाली असती तर सरांची एक परिषद वाया गेली असती. ताईचं मात्र नावच गेलं असतं, कारण त्या कामावर पहिलं नाव तिचं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी ताईने एक शेवटचं चित्रण करायला घेतलं. सर जेवणानंतर आले, पण शिंकत आले.

"आज तो एसी नको बाई. डोकं जड झालंय." एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले.

ताईने प्रथिन घातलं. नळ्या आखडल्या नाहीत.

"कुपी खराब झाली असेल," पाववाला म्हणाला.

तिने दुसरी कुपी घेतली. नळ्या मजेत. ताईने पट्टी बघितली, काच बघितली, घड्याळ बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. तिने नवी काच लावली, प्रथिनाचा थेंबही नसलेली, आणि रिमोट उचलला. मी लागलो. नळ्या कोसळल्या.

"ताई," पाववाला हळूच म्हणाला, "तुझं प्रथिन भिंतीवर टांगलंय."

तिला गप्प बसता आलं असतं. सरांची बॅग भरून झाली होती. ती उठून त्यांच्या खोलीत गेली आणि त्यांना हाताला धरूनच माझ्याखाली घेऊन आली.

"सर, उद्या ते सांगू नका. ते प्रथिनाचं काम नाही. एसीचं आहे."

"कोणाचं?"

"एसीचं. तुम्ही लावायला सांगता तो."

सरांनी शिंक अर्ध्यावर गिळली. "म्हणजे इतके महिने नळ्या मी मोडतोय?"

"तुम्ही नाही सर. तुम्ही फक्त हुकूम दिलात."

सरांनी रुमालाने नाक पुसलं. "मग तुझं प्रथिन करतं तरी काय?"

ताईने मला बंद केलं आणि त्यांना पडद्यावर दाखवलं. प्रथिन नळीच्या वाढत्या टोकावर जाऊन बसत होतं. ते नळीला मोडत नव्हतं आणि पळवतही नव्हतं. नळी सावकाश वाढत होती, पण मध्येच कोसळत नव्हती. लहान मुलाला बोट धरून रस्ता ओलांडून न्यावं, तसं.

"एवढंच?"

"एवढंच, सर."

"बातमी लहान झाली," सर म्हणाले. "पण हिला निदान रिमोट नाही."

परिषदेत त्यांनी तेवढंच सांगितलं, आणि अजून तपासायचं आहे, हेही सांगितलं. परत आल्यावर सगळ्यांनी मला बंद ठेवून, घाम पुसत, तेच प्रयोग पुन्हा पुन्हा केले. प्रथिन प्रत्येक वेळी बोट धरूनच चाललं. ताईने आईला फोन केला तेव्हा आधी ती स्वतः रडली आणि मग तिने मोठ्या काकूची चौकशी केली.

मी आता सरांच्या खोलीत असतो. ते दिवसभर गार बसतात, प्रयोगशाळेत फारसे फिरकत नाहीत, आणि पाववाल्याचं यीस्ट कधी नव्हे इतकं जोमाने वाढतं आहे. माझं बरं चाललं आहे. फक्त ताईचा शोधनिबंध छापून आला, त्यात प्रथिनाचं नाव आहे, पट्टीचं तापमान आहे, माझा उल्लेख नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा एसी असेल. त्याची जाळी वेळच्या वेळी धुवा आणि त्याचा झोत कोणावर पडतो आहे, हे अधूनमधून बघत जा. बिचाऱ्याला स्वतःला ते दिसत नाही.

आणि संबंधित कार्यालयास कळवतो की, मी बरेच महिने सदर प्रयोगशाळेत प्रथिन या पदावर पूर्ण वेळ काम केले असून त्या काळात माझ्या कामाबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. तरी मला तसा अनुभवाचा दाखला मिळावा, ही नम्र विनंती.