लाल रेघ असलेला खांब

मित्रांनो, भरती कचेरीत उंची मोजायचा जुना लाकडी खांब म्हणजे मी. सुताराने मला तासलं, अंगावर आकडे कोरले, भरतीला लागणाऱ्या किमान उंचीवर लाल रेघ ओढली, वर-खाली सरकणारी फळी बसवली. माझं माप कधी चुकलं नाही. साहेब लोक कौतुकाने माझ्यावर थाप मारायचे.

कायदा असा होता, की घरटी एक मुलगा सात वर्षं सैन्यात द्यायचा. मध्येच सोडता येत नसे. पळाला तर तुरुंग. थोरला माझ्या लाल रेघेला कमी पडला, तर त्याच्या जागी धाकटा.

एका सकाळी एक बाप हातगाडी ढकलत चढ चढून आला. गाडीवर थोरला लेक आडवा झोपलेला. रांगेतल्या कोणीतरी विचारलं, "काय झालंय याला?"

"काही नाही. वाढतोय," बाप म्हणाला.

रांग खो खो हसली. पण माणूस आडवा राहिला की केसभर उंच भरतो आणि उभा राहिला की पुन्हा दबतो. थोरल्याला तेवढंच कमी पडत होतं. धाकटा चांगला उंच, पण त्याला दमा होता. दम्याला सूट नव्हती. साहेबांच्या हिशेबी तो आळस.

थोरला गाडीवरून थेट माझ्या पायथ्याशी उतरला. मापवाल्या काकांनी फळी खाली आणली. ती बरोबर रेघेवर टेकली. काकांनी आकडा खणखणीत पुकारला. थोरल्याने हसत सही केली आणि जाताना म्हणाला, "बाबा, धाकट्याला चढ चढायला लावू नका."

पुढच्याच वर्षी माणसं कमी पडली. साहेबांनी कायदा फिरवला. आता घरातले सगळेच मुलगे. बाप पुन्हा गाडी ढकलत आला. या वेळी गाडीत धाकटा बसला होता, छातीतून शिट्टी वाजत होती. रांगेत कोणी हसलं नाही.

"साहेब, एक दिलाय ना मी," बाप म्हणाला.

"तो कायदा जुना झाला," साहेबांनी मान वर न करता सांगितलं.

काकांनी आकडा कसाबसा पुटपुटला.

आता नवं यंत्र आलंय. मी अडगळीत वाळवी लागून पडलोय. त्या दोघांपैकी कोणी परतल्याचं माझ्या कानावर आलं नाही. जुन्या वस्तू जपा, असं मी म्हणेन असं वाटलं असेल तुम्हाला. मला खुशाल जाळा. पण मित्रांनो, उद्या कोणी तुमच्या भावाला खांबाशी उभं करून कायदा दाखवला, तर मान खाली घालू नका. कालचा कायदा कुठे गेला, ते आधी विचारा.