पांढरं कपाळ आणि डावं चाक

महाराजांनी दंड पुन्हा आपटला आणि कुंडलिकच्या टॅक्सीचं अडलेलं मागचं डावं चाक 'कट्' असा आवाज करून सुटलं. गल्ली भरलेली होती. ज्यांना पुढं जागा मिळाली नव्हती ते गटाराच्या कडेवर उभे होते, आणि ज्यांना तिथंही मिळाली नव्हती त्यांनी नंतर आपण सगळं अगदी जवळून पाहिल्याचं सांगितलं.

अ‍ॅम्बॅसडर अमावास्येपासून दारात उभी होती. आदल्या दिवशी चार गड्यांनी ढकलली, तर मागचं चाक फिरायच्या ऐवजी फरफटत आलं. मग होटगी रस्त्यावरच्या मठातून चाकोबामहाराजांना आणलं. महाराज स्वतःच्या बदामी रंगाच्या फियाटमधून आले. चाकाशेजारी निखाऱ्याचं घमेलं ठेवून धुनी पेटवली. पितळी झारीतून समईचं तेल चाकामागच्या फटीत सोडलं. मंत्र म्हटले. त्या मंत्रांत संस्कृत थोडं, कानडी बरंच आणि बाकीचा धुरामुळं आलेला खोकला होता. शेवटी दंडाचे ठोके, आणि चाक मोकळं.

"चार मानसांना हलली न्हाय, महाराजांनी निस्त्या काठीनं हलिवली," शेजारचा मल्लप्पा म्हणाला. त्याचे दोन माग होते आणि तिन्हीत्रिकाळ श्रद्धा होती.

"काठी न्हवं, दंड," महाराजांचा शिष्य बसप्पा म्हणाला. महाराजांची फियाट तोच चालवायचा.

महाराज ओट्यावर बसले. "चाक म्हणजे चक्र. माणसाच्या देहात चक्रं सात. गाडीत किती?"

"चार," मल्लप्पा म्हणाला.

"नीट बघ."

"पाचवं डिकीत हाय," मागून कुणीतरी सुचवलं.

"सहावं डायवरच्या हातात," महाराज म्हणाले. "आन् सातवं?"

सातव्यासाठी लोकांनी गाडीखालीही वाकून पाहिलं.

"सातवं मालकाच्या नशिबाचं. ते अडलं की खालची अडतात." महाराजांनी डोळे मिटले. "कुंडलिका, तुझ्या गाडीत पुढच्या शीटवर पांढरं कपाळ बसतं."

सगळ्यांच्या माना एकदम व्हरांड्याकडं वळल्या. तिथं छत्री आणि पिशवी घेऊन यशोदाबाई शाळेत जायला उभ्या होत्या. कुंडलिकची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मग माढ्याहून इथं येऊन शिकल्या आणि मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागल्या. कुंडलिक स्टेशनच्या स्टँडवर जाता जाता रोज त्यांना शाळेपाशी सोडायचा.

"दर आवसेला देतो त्या तीर्थाच्या जोरावर आत्तापर्यंत थोडक्यात भागलं," महाराज म्हणाले. "पुढच्या आवसेनंतर हितं ऱ्हायल्या तर चाक धावत्या गाडीत अडकंल. मग मला बोलवू नका, डाक्टरला बोलवा."

यशोदाबाई म्हणाल्या, "कुंडलिक, घंटा होईल. चल." कुंडलिक गाडीकडं बघत राहिला. त्या दिवशी त्या चालत गेल्या.

संध्याकाळी महाराजांचं भविष्य निम्मं खरं ठरलं. चौकात कुंडलिकनं ब्रेक दाबला तर मागचं डावं चाक धरेना. गाडी तिरकी होऊन एका टांग्याच्या वैरणीत शिरली. घोड्याला काही झालं नाही, त्यानं खाणंही थांबवलं नाही. पण कुंडलिक घरी आला तो पांढराफटक होऊन, आणि त्यानं मला बोलावणं धाडलं. मी समोर राहणारा, वयानं वडील. असल्या वेळी माणसाला सल्ला नको असतो, ठरलेल्या गोष्टीला मान डोलवणारा हवा असतो.

"अक्का," कुंडलिक म्हणाला, "थोडे दिस माढ्याला जाऊन आली तर..."

"थोडे दिवस शाळा थांबते का माझ्यासाठी? नोकरी सुटली की सुटली. मग भावकीच्या दारात भाकरी थापायच्या, एवढंच उरतं."

"कुणी घालवत न्हाय तुमाला, अक्का," कुंडलिकची बायको सोनाबाई म्हणाली. तिनं माझ्यापुढं चहा ठेवला. "पर ह्यांचं गाडीत काय बरंवाईट झालं तर लेकरं घिऊन मी कुटं जाऊ?"

ही भीती खोटी नव्हती. मला मान डोलवता येईना, आणि नाही म्हणून हलवताही येईना.

यशोदाबाई कुंडलिककडं वळल्या. "अमावास्येला तू गाडीचं नक्की काय करतोस ते सांग."

"महाराजांनी सांगितलंय तेच. खडेमीठ भारलेलं देत्यात. ते बादलीत इरघळवायचं आन् दिवेलागणीला मागच्या चाकांवर वतायचं, पार आत जाईस्तवर. मग हँडब्रेक ओढून गाडी बांधून टाकायची. तीज हुईस्तवर हात लावायचा न्हाय."

"बांधायची कशाला?"

"पीडा पळून जाऊ नये म्हनून."

पीडा पळून गेली तर बरंच की, असं माझ्या मनात आलं. पण शास्त्र मला कळत नसल्यानं मी चहा प्यायलो.

"हे तीर्थ कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

"चाकं अडायला लागली कधीपासून?"

कुंडलिकनं छताकडं पाहिलं. "दिवाळीच्या मागनं."

"आणि मी पुढं बसते कधीपासून?"

"गाडी घेतल्यापासनं," सोनाबाईच म्हणाली, आणि नवऱ्याकडं बघायला लागली.

"महाराज म्हंत्यात, पाप साठायला टाइम लागतो," कुंडलिक म्हणाला. या वाक्याला उत्तर नसतं. म्हणून तर ते वाक्य इतकी वर्षं टिकलंय.

"बरं," यशोदाबाई म्हणाल्या. "येत्या अमावास्येला फक्त डाव्या चाकाला तीर्थ घाल. उजव्यावर थेंब पडू देऊ नकोस. हँडब्रेक रोजच्यासारखा ओढ, म्हणजे दोन्ही चाकं सारखीच बांधली जातील. तोवर गाडी सावकाश चालव, आणि मी रोज पुढं बसणार. महाराजांचं खरं असेल तर कुठलं अडेल?"

"उजवं. त्याला तीर्थाचा आधार न्हाय."

"उजवं अडलं तर मी स्वतः ट्रंक भरते. तुम्ही सांगायचीही वाट बघणार नाही."

भिंतीपलीकडं माग चालू असूनही हे सगळं मल्लप्पाला ऐकू गेलं होतं. सकाळपर्यंत गल्लीला माहीत झालं आणि दुपारपर्यंत मठाला. महाराजांनी निरोप पाठवला, "उजवं अडणार. ट्रंक पुसून ठेवा."

अमावास्येला कुंडलिकनं डाव्या चाकावर बादली ओतली. उजव्या चाकावर सोनाबाईनं गोणपाट धरलं. यशोदाबाईंनी व्हरांड्याच्या कट्ट्यावर काचेचे पेले मांडले. एकात कोरडा खिळा, एकात साध्या पाण्यात अर्धा बुडालेला, एकात तीर्थात अर्धा बुडालेला. मल्लप्पानं तीर्थाच्या पेल्याला हात जोडले. खिळ्यानं तीर्थ बाटलं नाही ना, एवढीच त्याला काळजी होती.

मधले दिवस गाडी दारातच बांधलेली होती. ट्रंक माळ्यावरून खाली आली होती आणि जाता-येता सगळ्यांच्या पायात येत होती.

तिजेला सकाळी मिलचा भोंगा व्हायच्या आधीच गल्ली भरली. महाराजांची फियाट कोपऱ्यावर येऊन थांबली. कुंडलिकनं हँडब्रेक सोडला, पुढच्या चाकांना दगड लावले आणि जॅकनं गाडीची मागची बाजू उचलली. आधी उजव्या चाकाला हात घातला. चाक गर्रकन फिरलं, त्याच्या अंदाजापेक्षा जास्तच, आणि तो थोडा मागं सरकला.

मग डाव्याला. ते भिंतीत चिणल्यासारखं होतं. त्यानं पुन्हा जोर केला. मग तसाच दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिला. सोनाबाईनं पायानं ट्रंक पलंगाखाली ढकलली. तो आवाज बाहेरपर्यंत आला.

लोकांनी महाराजांकडं पाहिलं. महाराजांनी दाढीवरून हात फिरवला. "पाप लबाड असतं. उजवीकडं बसलं होतं. तीर्थाचा वास आला, तसं डावीकडं सरकलं. डावं अंग बाईचं."

मल्लप्पाला हे लगेच पटलं. त्याला पटायला वेळ कधीच लागत नसे. पण पटलेली गोष्ट तो अमलात आणायचा, ही त्याची खोड महाराजांना माहीत नव्हती. "महाराज," तो कळवळून म्हणाला, "तुमी समद्या पाप्यांच्या गाड्या सोडवत हिंडता. काय न काय तुमच्या गाडीलाबी चिकटलं असंल की. आमाला तुमची काळजी हाय." असं म्हणून त्यानं उरलेल्या तीर्थाची बादली उचलली आणि फियाटच्या मागच्या चाकाकडं निघाला.

बसप्पा स्टिअरिंग सोडून बाहेर उडी मारून आला. "ए अप्पा! चाकावर नको, गंजतंय त्यानं!"

गल्लीत माणसं तेवढीच होती, पण आता शेजारच्या गल्लीतला माग ऐकू येत होता.

"काय होतं म्हणालास, बसप्पा?" यशोदाबाईंनी विचारलं.

"काय न्हाय, बाई."

"सांग की. माझ्या वर्गात हे उत्तर यायला आठवडा जातो. तू एका दमात दिलंस."

बसप्पानं महाराजांकडं पाहिलं. महाराज आकाशाकडं पाहत होते.

यशोदाबाईंनी पेले पुढं आणले. कोरडा खिळा जसाच्या तसा होता. पाण्यातल्यावर तांबूस डाग होते. तीर्थातल्या खिळ्याभोवतीचं पाणी वीटकरी झालं होतं आणि खिळ्यावर खरबरीत थर चढला होता. मल्लप्पानं तो हातात घेऊन वास घेतला. मग बोटाकडं पाहिलं आणि बोट धोतराला पुसलं.

"चाकाच्या आत लोखंडाची खोलगट थाळी असते, तिला ड्रम म्हणतात," त्या म्हणाल्या. "ब्रेक ओढला की आतले जोड, म्हणजे गॅरेजवाल्यांचे ब्रेक-शू, त्या थाळीला आतून घट्ट चिकटतात. त्यात मिठाचं पाणी घातलंत, ब्रेक ओढून दिवसच्या दिवस ठेवलंत. थाळी गंजली आणि जोड तिला धरून बसले. याला पाप म्हणायचं तर मीठ पापी म्हणावं लागेल."

"मग महाराज सोडवत्यात कसं?" कुणीतरी विचारलं.

"सोनाबाई, आधण आलं का?"

सोनाबाई उकळत्या पाण्याची किटली घेऊन आली. यशोदाबाईंनी ते पाणी चाकाच्या मागून त्या थाळीवर सावकाश ओतलं. "निखारेही चालतात. पण शेजारी पेट्रोलची टाकी आहे. महाराज वाचले, हा एवढाच चमत्कार मला मान्य आहे. बरणीचं घट्ट बसलेलं झाकण आपण गरम पाण्यात धरतो, तसंच हे. लोखंड तापलं की फुगतं आणि गंजाची पकड ढिली होते. आता फक्त ठोका हवा. दंड मात्र नाही आपल्याकडं."

"माझं धोपटणं हाय की," सोनाबाई म्हणाली. तिनं पदर खोचला, कपडे धुवायचं धोपटणं दोन्ही हातांनी धरलं आणि थाळीवर ठोके घातले. ठोक्यांत थोडी भीती, थोडा संताप आणि थोडी नणंदेची माफी होती. मंत्र नव्हता. चाक 'कट्' म्हणालं आणि फिरलं. आवाज महिन्यापूर्वीचाच होता, फक्त खोकला कमी.

त्याच दिवशी गॅरेजवाल्यानं चाक उघडलं तेव्हा डाव्या बाजूचे ब्रेकचे जोड समईच्या तेलानं चकाकत होते. ज्या जागी घर्षण हवं तिथं तेल घातलं तर गाडी थांबणार कशी? चौकातल्या वैरणीत गाडी कुणाच्या कपाळामुळं शिरली नव्हती, झारीमुळं शिरली होती. ते जोड बदलावेच लागले. हे कळेपर्यंत फियाट कोपऱ्यावर नव्हती. बसप्पाला सोबत नेलं की नाही, याबद्दल दोन मतं आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिकनं पुढचं दार उघडून धरलं. "बस, अक्का." त्यांची पिशवी त्यानं स्वतः आत ठेवली. त्याच्या स्वभावाच्या माणसानं एवढं म्हणणं म्हणजे बरंच झालं.

तेव्हापासून तो गाडी साध्या पाण्यानं धुतो. धुतल्यावर थोडी फिरवून आणतो, मधूनमधून हलकासा ब्रेक दाबतो, म्हणजे आतलं पाणी वाळतं. ओल्या चाकांवर हँडब्रेक ओढून गाडी ठेवत नाही. गिअरमध्ये टाकतो आणि चाकाला दगड लावतो. पुढच्या अमावास्येला त्या दगडावर कुंकू दिसलं. मल्लप्पानं वाहिलं होतं. यशोदाबाई रागावल्या नाहीत, त्यांनी दगड पाण्यानं धुतला. दगडाचा एक गुण असा की तो गंजत नाही.

वाचकांना माझी विनंती साधी आहे. लोखंडाला तुमचं गोत्र कळत नाही, वार कळत नाही आणि कोण विधवा आहे तेही कळत नाही. त्याला पाणी, मीठ आणि हवा कळते. अडलेली गोष्ट कुणी सोडवून दाखवली तर ती अडकवली कुणी, हे आधी विचारा. चाक अडलं तर चाकाकडं बघा. घरातल्या बाईच्या कपाळाकडं नंतर बघता येईल, आणि न बघितलं तरी गाडी चालते.