हजेरीच्या पानावरचा टॅग

दादाने लिहिलेला टॅग, म्हणजे पानात माहिती आणून बसवणारी छोटीशी आज्ञा, दोन वर्षं मुका होता. ऑफिसच्या हजेरीच्या पानावर कोण जागेवर आहे, कोण बाहेर, कशासाठी आणि किती वेळ, हे त्या टॅगने दाखवायचं होतं. पण दादाची सगळीच घाई! पठ्ठ्याने प्रत्येकाच्या नोंदीचा टॅग पानात न लिहिता डेटाबेसमध्ये मजकूर म्हणून ठेवला. जावा या संगणकाच्या भाषेतलं पान स्वतःत लिहिलेलेच टॅग चालवतं. डेटाबेसमधून मागाहून आलेले टॅग त्याच्या लेखी नुसती अक्षरं. ब्राउझरही अनोळखी टॅग निमूटपणे गिळून टाकी. नोंदी साठत, पान कोरंच राही.

चूक सापडायच्या आतच दादा गेला. भर दुपारी, ऑफिससमोरचा रस्ता ओलांडताना ट्रकने उडवलं.

धाकटी बहीण शेजारच्याच टेबलावर बसे. रोज दोघं समोरच्या बागेत जेवत. त्या दिवशी तो म्हणाला, "चल." ती म्हणाली, "तू हो पुढे, आलेच मी." आणि कामात अशी बुडाली की गेलीच नाही. नंतर वहिनीने विचारलं, तो तुझ्यासाठी थांबला होता का, तेव्हा धाकटीने सांगून टाकलं, "तो कुठला थांबतोय माझ्यासाठी? गेला असेल तडक." वहिनीने मान हलवली. धाकटीचं मन मात्र तिला खात राहिलं.

आता साहेबांनी तेच पान तिच्या गळ्यात मारलं. चार दिवस खपून तिने नवा भाग लिहिला: डेटाबेसमधला मजकूर वाचायचा, टॅग सापडला की तिथल्या तिथे चालवायचा आणि जे निघेल ते पानात बसवायचं. सकाळी अकराला तिने तो सुरू केला. एकेक नाव उमटत गेलं. सगळ्यात खाली दादा, त्या दुपारी त्याने फोनवरून केलेली नोंद.

"बाहेर. फाटकापाशी उभा आहे. धाकटी आली की जेवू. थांबून: ७४२ दिवस, २१ तास, ५० मिनिटं."

 तिने पान पुन्हा उघडलं. ५१ मिनिटं. पाणी पिऊन आली, ५४. नोंद बंद झालेली नाही म्हणून आकडा वाढतोय, हे तिला कळत होतं. टॅग चालवणारा कोड तिचाच होता. तरी ती खिडकीशी गेली आणि फाटकापाशी कुणी नाही ना, ते बघून आली.

साहेब मागून म्हणाले, "अगं, ती जुनी नोंद उडव. चारला पान सगळ्यांना दिसणार आहे."

"उडवत नाही, साहेब. बंद करते."

बंद करायला परतल्याची वेळ लागे. दादा परतला कुठे होता? पंचनाम्यातली अपघाताची वेळ तिला तोंडपाठ होती, तीच तिने भरली. त्या दिवशी दुपारी एक पंचावन्न. मग पान उघडलं.

"थांबून: ४५ मिनिटं."

जो लिफ्टसाठीसुद्धा थांबत नसे, तो तिच्यासाठी पाऊण तास उभा होता. धाकटीला रडू आवरेना. तशीच जिन्यात जाऊन तिने फोन लावला.

"वहिनी, मी तुला खोटं सांगितलं. तो थांबला होता गं. माझ्यासाठी."



"ठाऊक आहे मला," वहिनी म्हणाली. "डबा भरलेलाच परत आला होता."